थंडीतील वासरू आणि कोरडे अंथरूण

दिवाळी होऊन भाताची कापणी उरकली, खळ्यावरची मळणी संपली आणि पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, म्हणजे कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. वर्षभराच्या पेंढ्याचा हिशेब तो याच वेळी मनाशी मांडतो. घरच्या जनावरांना किती लागेल, विकावयास किती निघेल, राबासाठी किती जाईल, हे सारे तो बरोबर जाणतो. या हिशेबात एक रक्कम मात्र बहुधा कोठेच धरलेली नसते. ती म्हणजे गोठ्यातील लहान वासरांच्या अंथरुणाची. ही रक्कम अगदी लहान आहे. ती न धरल्यामुळे होणारे नुकसान मात्र लहान नाही. आणि ते एकदम डोळ्यांत भरत नसल्यामुळे वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर या विषयाचा विचार शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य करावा, असे मला वाटते.

कोकणात थंडी कसली?

हा आक्षेप सर्वप्रथम येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पाणी गोठत नाही. समुद्रकाठच्या अलिबाग-मुरुडकडे तर हिवाळाही सौम्यच असतो. परंतु खालापूर व कर्जत हे तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे हुडहुडी भरते, असा येथील पौष-माघाचा अनुभव आहे. रात्री डोंगरमाथ्यावरची गार झालेली हवा जड होऊन उताराने खाली येते व पायथ्याच्या सखल भागात साचते. बोरघाटाच्या तोंडाशी असलेल्या शिळफाट्याच्या परिसरात किंवा राजमाचीच्या खालच्या अंगास पहाटे गोठ्यात जो उभा राहिला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १५ अंशांच्या खाली जातो, आणि थंडीची लाट आली म्हणजे त्याहूनही पुष्कळ खाली उतरतो.

एवढ्या थंडीने धडधाकट, कोरड्या अंगाच्या व पोटभर चारा खाल्लेल्या मोठ्या गाईचे काही बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तिच्या पोटातील चाऱ्याचे आंबवण अखंड चालू असते आणि त्यातून उष्णता मिळत राहते. पण या लेखाचा विषय मोठी गाय हा नाही. विषय आहे तो तिच्या मागे, कोपऱ्यातल्या खुंट्याला बांधलेल्या वासराचा.

वासराला थंडी अधिक का बाधते, याची कारणे साधी आहेत. लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडीचा विस्तार जास्त असतो, त्यामुळे त्यातून उष्णता लवकर बाहेर पडते. त्याच्या अंगावर चरबी नसते. पहिले काही आठवडे त्याचे रवंथीचे पोट काम करू लागलेले नसते. म्हणजे मोठ्या जनावराच्या पोटात जी चूल पेटलेली असते ती वासराच्या पोटात अजून पेटलेली नसते. त्यातून म्हशीच्या पारडाची स्थिती आणखी नाजूक. म्हशी आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर विण्यास लागतात. त्यामुळे पारडाचे पहिले दोन-तीन महिने नेमके थंडीत येतात. 

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली दुभत्या गुरांच्या आहारविषयक जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत लहान वासरांसंबंधीचे आकडे मनन करण्याजोगे आहेत. हवा २० अंशांची असता वासराला केवळ जीव धरून राहण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तिच्याहून १५ अंशांस सुमारे १३ टक्के आणि १० अंशांस सुमारे २७ टक्के अधिक ऊर्जा तीन आठवड्यांच्या आतील वासराला लागते. ही जादा ऊर्जा कोठून येणार? दूध वाढवून दिले तर दुधातून. न दिले तर वासराच्या वाढीतून. आपल्याकडे थंडी पडली म्हणून वासरासाठी आचळात चार घोट अधिक राखणारा विरळाच. तेव्हा ही किंमत वासरू आपल्या अंगानेच चुकती करते.

याच मानकांत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या बाजूची आहे. तीन आठवड्यांवरील वासराला १० अंशांपर्यंत काहीच जादा ऊर्जा लागत नाही. मात्र हे आकडे कोरड्या जागेतील, वाऱ्याचा झोत न लागणाऱ्या वासराचे आहेत. सारे मर्म या एका अटीत साठवलेले आहे.

खरा शत्रू थंडी नव्हे, ओल

थंड प्रदेशांतील पशुशास्त्रज्ञांनी मोठ्या गुरांसंबंधी असे ठरविले आहे की, अंगावर दाट हिवाळी केस असलेले कोरडे जनावर शून्याखाली सुमारे ८ अंशांपर्यंत फारशी तोशीस न लागता टिकते. त्याच जनावराचे अंग ओले झाले, तर मात्र शून्यावर १५ अंश असतानाच त्याला थंडी बाधू लागते. जनावर तेच, चारा तोच, हवाही तीच; केवळ ओलीमुळे मर्यादा २३ अंशांनी वर सरकली. ओले केस अंगाशी चिकटतात, केसांमधली उबदार हवा निघून जाते, आणि पाणी सुकताना अंगातील उष्णता घेऊन जाते. पावसात भिजलेल्या माणसाला वैशाखातही कापरे का भरते, त्याचे कारण हेच.

हे आकडे विलायती, जाड कातडीच्या गुरांचे आहेत. आपली गावठी गाय, कोकण कपिला, डांगी अथवा म्हैस ही उष्ण हवेसाठी घडलेली जनावरे आहेत. त्यांची कातडी पातळ व केस आखूड. उन्हाळ्यात हे वरदान असते, थंडीत नव्हे. म्हणून १५ अंश हा आकडा आपल्या कार्यकर्त्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. तो पारा आपल्याकडे हिवाळ्यातील कित्येक पहाटे गाठला जातो. याचा अर्थ असा की, आपल्या हवेत कोरडे वासरू सुरक्षित आहे आणि ओले वासरू संकटात आहे. थंडी आपल्या हातची नाही. ओल मात्र बहुतांशी आपल्या हातची आहे.

आता वासरू ओले होते कशाने? हिवाळ्यात पाऊस नसतो. ते ओले होते गोठ्याच्या जमिनीने. लहान वासरू दिवसरात्र मिळून सोळा-सतरा तास आडवे पडून असते. तेवढा वेळ त्याचे पोट, मांड्या व बरगड्या जमिनीला लागलेल्या असतात. ती जमीन मुताने भिजलेली असेल, तर वासराच्या अंगाचा निम्मा भाग रात्रभर ओलाच राहतो. दगडी फरशी, सिमेंटचा कोबा व ओली माती अंगातील ऊब झपाट्याने शोषून घेतात. पेंढ्याचे तसे नाही. त्याच्या नळीसारख्या काड्यांत व त्यांच्यामधल्या पोकळीत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपण स्वतः थंडीत अंगावर गोधडी घेतो हे खरे. पण खाली सतरंजी वा घोंगडी टाकल्यावाचून फरशीवर निजत नाही. घरातील पोरासाठी जे आपल्याला सहज सुचते, ते गोठ्यातील पोरासाठीही सुचावे, एवढेच मागणे आहे.

परदेशचा अनुभव आणि आपली गरज

अमेरिकेच्या उत्तरेस नॉर्थ डकोटा नावाचे अतिशय थंड राज्य आहे. तेथे गुरे मोठ्या उघड्या वाड्यांत दाणावैरण देऊन वाढवितात. त्या राज्यातील कॅरिंग्टन येथील संशोधन केंद्राने हिवाळ्यात काही वाड्यांत पेंढा अंथरून व काहींत न अंथरता प्रयोग केले. ज्या गुरांना अंथरूण मिळाले त्यांचे वजन अधिक वाढले, आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे त्यांना चाराही कमी लागला. त्याच देशातील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली दुग्धव्यवसायातील वासरांविषयी असे दाखविले की, ज्या वासरांना पाय पूर्ण बुडतील एवढ्या जाड पेंढ्यात बसावयास मिळते, त्यांना श्वसनाचे विकार कमी होतात.

हे वाचून कोणी लगेच गोठ्यात गुडघाभर पेंढा भरू नये. तिकडचे माप इकडे आणावयाचे नाही. तत्त्व तेवढे आणावयाचे. तिकडे शून्याखाली वीस अंशांशी झगडा असतो, आपला झगडा पहाटेच्या काही तासांचा व गोठ्यातील ओलीचा आहे. शिवाय तिकडची गुरे मांसासाठी पोसलेली असतात. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईला व २०१५ पासून बैल व वळू यांनाही संरक्षण आहे, आणि आपला शेतकरी वासरू वाढवितो ते दुधासाठी वा नांगरासाठी. तेव्हा आपल्या दृष्टीने वाढीचा अर्थ इतकाच, की कालवड वेळेवर फळावी, पारडी वेळेवर दुधावर यावी आणि गोऱ्हा वेळेवर जुवाखाली यावा.

या ‘वेळेवर’ची किंमत हिशेबाने पाहू. संकरित कालवड साधारणतः २५० किलो वजनाची झाली म्हणजे तिला भरविणे योग्य ठरते. ती माजावर येणे वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असते, हे कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे. समजा, चांगल्या निगराणीत ती रोज ४०० ग्रॅम वाढते. थंडीचे ९० दिवस ओल, अपुरी विश्रांती व किरकोळ आजार यांमुळे ही वाढ रोज केवळ १०० ग्रॅमने घटली, तर ९ किलोंची तूट आली. ती भरून काढावयास पुढे २२-२३ दिवस लागतात. पहिल्या वेतापूर्वी असे दोन हिवाळे येतात, म्हणजे दीड महिना झाला. हा दीड महिना कालवड आपला चारा खाते, पाणी पिते, मेहनत घेते. दूध मात्र देत नाही. हे उदाहरण समजुतीसाठी घेतले आहे. प्रत्येक गोठ्याचा आकडा निराळा निघेल. परंतु हिशेबाची दिशा हीच राहील. आणि हगवण वा फुप्फुसदाह होऊन वासरू दगावले, तर हिशेबच संपला.

पक्क्या गोठ्याचे अर्धे राहिलेले काम

गेल्या काही वर्षांत रोजगार हमी योजनेतून, आणि २०२१ पासून शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या रूपाने, गावोगावी पक्के गोठे उभे राहिले. सिमेंटची जमीन, गव्हाण आणि मूत्रसंचयाची टाकी अशी त्यांची बांधणी असते. हे काम निःसंशय मोलाचे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गोठ्यात जो चिखल होत असे, खूर कुजत असत, शेणाबरोबर माती ओढली जात असे, ते या जमिनीमुळे थांबले. मूत वाया जाण्याऐवजी टाकीत साठू लागले.

परंतु स्पष्टपणे सांगावयास हवे की, लहान वासराच्या दृष्टीने हे काम अर्धेच झाले आहे. पूर्वीची मुरमाची वा चोपलेल्या मातीची जमीन थोडीफार ओल जिरवीत असे. कोबा काहीच जिरवीत नाही. त्याचा ढाळ नीट असेल तर मूत वाहून जाते. ढाळ चुकला, किंवा वासरू नेमके मोरीच्या बाजूस बांधले, तर सारे गोठ्यातील पाणी त्याच्या पोटाखाली येते. सकाळी धुतलेली जमीन हिवाळ्यात लवकर सुकत नाही. थंड, कठीण आणि ओल्या जमिनीवर जनावर बसावयास नाखूश असते. ते उभे राहते, रवंथ कमी करते. गुडघे सोलवटतात. म्हणजे मोठा खर्च करून आपण स्वच्छता मिळविली, आणि थोड्या पेंढ्याअभावी विश्रांती गमावली.

म्हणून माझे मत असे की, पक्का गोठा बांधून पुरा झाला हे केवळ जमीन व गव्हाण पाहून ठरवू नये. वासरांसाठी गोठ्यात उंचवट्याची, मोरीपासून दूर असलेली स्वतंत्र जागा राखली आहे काय, आणि हिवाळ्यात तेथे अंथरूण घातले जाते काय, हेही पाहिले पाहिजे. बांधकामाचे माप वहीत एकदाच लिहिले जाते. वासराची वाढ रोज होत असते. विस्तारकार्याचे लक्ष या दुसऱ्या गोष्टीकडे वळावयास हवे. किती गोठे बांधले हा आकडा सांगण्यासारखा असला, तरी त्या गोठ्यांत किती कालवडी वेळेवर फळल्या, हाच आकडा शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे.

पेंढा आणावयाचा कोठून?

दुसरा आक्षेप पेंढ्याच्या टंचाईचा. “खावयास पुरत नाही, तो अंथरू कोठून?” असे शेतकरी विचारतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेही उत्तर हिशेबानेच देऊ. एका वासराला सरासरी रोज एक किलो पेंढा अंथरुणास धरला, तर ९० दिवसांना ९० किलो होतो. भाताच्या एका एकरातून १,२०० किलो पेंढा निघतो असे धरले, तर गुंठ्याला ३० किलो पडतो. म्हणजे एका वासराचे सबंध हिवाळ्याचे अंथरूण तीन गुंठ्यांच्या पेंढ्यात भागते. जो शेतकरी गाडी भरून पेंढा विकतो, त्याने विक्रीपूर्वी प्रत्येक वासरामागे एवढा भाग बाजूस काढणे अवघड नाही.

ज्याच्याकडे खरोखरच पेंढा कमी आहे, त्यानेही निराश होऊ नये. गव्हाणीत जनावरांनी सोडलेला चघळ हे उत्तम अंथरूण आहे. तो आज बहुधा थेट उकिरड्यावर जातो. तो उन्हात एक दिवस पसरून सुकविला म्हणजे झाले. बांधावरचे जून, गुरांनी न खाल्लेले गवत कापून सुकवावे. भातगिरणीवरचा तूसही वापरता येतो. मात्र तूस फारशी ओल शोषीत नाही, म्हणून तो खाली पसरून वर पेंढ्याचा थर द्यावा. लाकडाचा भुसा मिळत असेल तर तोही चालतो, परंतु अगदी बारीक व धुळकट भुसा नवजात वासराखाली घालू नये. तो नाकाडोळ्यांत जातो.

अंथरुणाची रीत

१. जागा प्रथम कोरडी करावी. ओल्या जमिनीवर पेंढा टाकणे म्हणजे पेंढा भिजविणे होय. सायंकाळी गोठा धुण्याची सवय हिवाळ्यापुरती सोडावी. धुणे ते सकाळी उन्हे आल्यावर धुवावे.

२. सुरुवातीस चार-पाच बोटे जाडीचा थर द्यावा. त्यानंतर रोज सकाळी भिजलेला भाग व शेण उचलून, सायंकाळी तेवढाच नवा पेंढा वर घालावा. कोरडा राहिलेला भाग फेकू नये; उन्हात हलवून पुन्हा वापरावा.

३. अंथरूण कोरडे आहे की नाही, हे नुसत्या दृष्टीने कळत नाही. त्यावर स्वतः गुडघे टेकून सावकाश वीस आकडे मोजावेत. गुडघे ओले लागले, तर वासराचे पोटही ओले आहे असे समजावे.

४. वाऱ्याचा झोत येणाऱ्या बाजूस वासराच्या उंचीइतका गोणपाटाचा वा कुडाचा आडोसा करावा. वरचा भाग मोकळाच ठेवावा. थंडीच्या भयाने गोठा सर्व बाजूंनी कोंडून घेतल्यास मुताचा उग्र वास साचतो व वासराची छाती धरते. थंडीपेक्षा कोंदट हवा अधिक घातक आहे.

५. गोठ्यात ऊब यावी म्हणून रात्री शेकोटी वा धुनी पेटवू नये. धुराने वासराची फुप्फुसे दुखावतात, आणि जेथे पेंढा अंथरला आहे तेथे विस्तव ठेवणे म्हणजे गोठ्यास आग लावण्याची तयारीच होय.

६. बुरशी आलेला, काळवंडलेला वा कुबट वासाचा पेंढा अंथरुणास मुळीच वापरू नये. वासरू अंथरूण चघळते, हे विसरता कामा नये. उत्तर भारतातील भातपट्ट्यात हिवाळ्यात म्हशींना डेगनाला नावाचा रोग होतो. त्यात कान, शेपटी व खूर यांच्या टोकांचे मांस झडते, आणि त्याचा संबंध बुरशी आलेल्या भातपेंढ्याशी जोडला जातो. उडवी पावसात भिजली असेल, तर तिचा वरचा व तळाचा भाग वेगळा काढून खतात घालावा.

अंथरूण वाया जात नाही

अंथरुणास घातलेला पेंढा नासला, असे ज्याला वाटते त्याने त्याचा पुढचा प्रवास पाहावा. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा निम्म्याच्या आसपास भाग आणि पालाशाचा बहुतेक भाग मुतातून जातो, शेणातून नव्हे. आपण शेण जपून गोळा करतो आणि मूत वाहू देतो. पेंढा आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक ओल शोषून धरतो. म्हणजे रोज सकाळी उचलला जाणारा भिजका पेंढा हा वस्तुतः खताचा भारा असतो. तो शेणखड्ड्यात शेणाच्या थरांमध्ये घातला, तर पावसाळ्याच्या तोंडाशी उत्तम कुजलेले खत तयार होते.

कर्जत-खालापूरच्या भातशेतकऱ्याला याचे महत्त्व निराळे समजावून द्यावयास नको. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीचे पहिले सूत्रच मुळी भाताचे अवशेष भाताच्या जमिनीला परत देणे हे आहे. कारण भातपिकाने उचललेले सिलिका व पालाश मोठ्या प्रमाणात पेंढ्यात असते. पेंढा विकला म्हणजे हे धन शेताबाहेर जाते. पेंढा अंथरुणातून खड्ड्यात व खड्ड्यातून खाचरात गेला, तर तो वाटेत वासरालाही ऊब देऊन जातो. एका वस्तूची दोन कामे झाली.

येथे राबाचा प्रश्न उपस्थित होतो. राब भाजण्याची आपली पद्धत जुनी आहे. डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ साली तिच्यावर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला होता. भाजण्याने तण मरते व रोप जोमदार येते, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. परंतु शेण आणि पेंढा भाजला की त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते, हेही तितकेच खरे. राब करावयाचा की गादीवाफा, हा वाद या लेखात सोडविण्याचे कारण नाही. एवढेच सुचवावयाचे आहे, की चांगला कोरडा पेंढा राबात जाण्यापूर्वी गोठ्याचा त्यावर पहिला हक्क आहे. आणि मुताने भिजलेले अंथरूण तर राबावर कधीही नेऊ नये, ते खड्ड्यातच घालावे.

अंथरुणाने काय होत नाही

कोणत्याही एका उपायाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा लपविणे हे विस्तारकार्याला शोभत नाही. अंथरूण हा खुराकाचा पर्याय नव्हे. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत ज्या वासराला पोटभर चीक मिळाला नाही, त्याला पेंढ्याची गादी वाचवू शकत नाही. साधारणपणे वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवशी पोटात गेलाच पाहिजे. त्याचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच द्यावा. जंतांचे औषध, नाळेची निगा, लसीकरण यांचीही जागा अंथरूण घेत नाही. पण याचा उलट अर्थही ध्यानात घ्यावा. दूध व खुराक यांवर केलेला खर्च ओल्या जमिनीवर बसणाऱ्या वासराच्या बाबतीत काही अंशी अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतो. अंथरूण त्या खुराकाला वाढीच्या कामी लावते.

मोठ्या कालवडींच्या बाबतीत आणखी एक साधी युक्ती आहे. दिवसाच्या वैरणीचा मोठा वाटा सायंकाळी द्यावा. चारा पोटात आंबताना जी उष्णता निघते, ती मग नेमकी रात्री व पहाटे उपयोगी पडते.

कार्यकर्त्यांस विनंती

नुसत्या सांगण्याने शेतकरी जुनी रीत बदलत नाही, आणि त्याने बदलूही नये. पाहून, मोजून, पटल्यावर बदलावी. म्हणून प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने या हिवाळ्यात निदान एक प्रात्यक्षिक घ्यावे. एकाच गोठ्यातील वा शेजारच्या गोठ्यांतील, सुमारे एकाच वयाची व बांध्याची दोन वासरे निवडावीत. दोघांना दूध, चारा, औषध सारखेच. एकास वर सांगितलेल्या रीतीने कोरडे अंथरूण द्यावे. दुसरे घरच्या नेहमीच्या रीतीने राहू द्यावे. दर पंधरवड्यास पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजपट्टीने मोजून वहीत लिहावा. हगवण, खोकला वा सर्दी झाली तर त्या दिवसाची नोंद करावी. फरक स्पष्ट दिसू लागला, किंवा दुसरे वासरू आजारी पडले, तर प्रयोगासाठी त्याला तसेच ठेवू नये. त्यालाही अंथरूण द्यावे. माहितीपेक्षा वासरू महत्त्वाचे.

एका जोडीवरून सिद्धांत निघत नाही, हे उघड आहे. एखादे वासरू उपजतच दांडगे असते, एखादे अशक्त. पण खालापूर व कर्जत या दोन तालुक्यांतील पन्नास गावांतून पन्नास जोड्यांच्या नोंदी एकत्र आल्या, तर आपल्याच हवेतील, आपल्याच जनावरांच्या नोंदींचा पाया तयार होईल. परदेशचे आकडे दिशा दाखवितात. शेतकऱ्याचा विश्वास मात्र शेजारच्या गोठ्यातील मोजपट्टीवर बसतो, आणि तसा तो बसणेच योग्य आहे. कर्जतचे संशोधन केंद्र व दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्यासमोर असा पुरावा ठेवता आला, तर पुढील शास्त्रशुद्ध प्रयोगासही चालना मिळेल.

या कामात घरातील स्त्रियांना प्रथम विश्वासात घ्यावे. पहाटे गोठ्यात पहिले पाऊल बहुधा त्यांचेच पडते; शेण काढणे, वासरू सोडणे, चीक पाजणे हे सारे त्याच करतात. सभा पारावर भरवून पुरुषांपुढे व्याख्यान दिले आणि गोठ्यात जिचा हात फिरतो तिला काहीच सांगितले नाही, तर ते व्याख्यान पारावरच राहते. भिजका पेंढा उचलण्याचे जादा काम तिच्यावर पडणार आहे. ते का करावयाचे आणि त्यातून काय मिळावयाचे, हे तिला पटले तरच ते टिकेल.

थंडीचे दिवस थोडे आहेत आणि पेंढ्याच्या उडव्या अजून उभ्या आहेत. विकावयाच्या पेंढ्याची गाडी भरण्यापूर्वी प्रत्येक वासरामागे तीन गुंठ्यांचा पेंढा बाजूस काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकावा. पक्की जमीन, पुरेसे दूध आणि कोरडे अंथरूण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर आजचे वासरू वेळेवर दुधाची गाय वा कामाचा बैल होईल.